नातू नाकारला तो दिवस

हा मुलगा खरंच राजाच्या रक्ताचा का? या एका प्रश्नावर ड्रॅगनवाल्या परदेशी मालिका वर्षानुवर्षं चालतात. साताऱ्यात हा प्रश्न खराखुरा विचारला गेला तो २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीला. विचारणारी मुलाची आजीच होती.

अकरा महिने आधी

शाहू महाराज अंथरुणाला खिळलेले. पोटी मुलगा नाही. राणीसाहेब सकवारबाईंचा ओढा कोल्हापूरच्या संभाजीराजांकडे. अशा वेळी साताऱ्याच्या गडावर नजरकैदेत असलेल्या ताराबाईंनी सांगितलं की आपला वंश संपलेला नाही. त्यांचा मुलगा शिवाजी १७२६ साली पन्हाळ्यावर कैदेत वारला, त्याला मुलगा होता. सवत राजसबाई त्याचा जीव घेईल या भीतीने तो लपवला आणि पुढे बार्शीजवळच्या पानगावात वाढवला. सकवारबाई म्हणाल्या, हा तोतया आहे. बावड्याच्या भगवंतराव अमात्यांनी मुलगा खरा असल्याची शपथ घेतली. शाहूंनी विश्वास ठेवला आणि कारभार पेशव्यांनी पाहावा असं स्वहस्ते लिहून दिलं. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते गेले. सकवारबाई सती गेल्या.

साडेदहा महिने आधी

पानगावचा मुलगा साताऱ्याच्या वाटेवर होता. पण राजघराण्याबाहेर वाढलेल्या पोराला दरबार राजा कसा मानणार? ताराबाईंनी त्याला कृष्णाकाठी गाठलं, जमलेल्या फौजेदेखत त्याच्यासोबत जेवायला बसल्या आणि अन्नावर हात ठेवून शपथ घेतली, हा माझा नातू. त्या काळी पंगतीला बसवणं म्हणजे आपल्यात घेणं, यापेक्षा मोठा पुरावा कोणता असणार! ४ जानेवारी १७५० रोजी हा मुलगा, म्हणजेच रामराजा, गादीवर बसला.

दोन महिने आधी

ताराबाईंना नातू हवा होता तो राज्य करण्यासाठी, म्हणजे खरं तर आपल्या हातून राज्य व्हावं यासाठी. औरंगजेबाला सात वर्षं झुंजवलेली बाई ती. पंचाहत्तरीतही तिची उमेद तीच होती. पण २५ सप्टेंबरला सांगोल्यात रामराजांनी सगळे अधिकार पेशव्यांच्या हवाली केले. बदल्यात साताऱ्याभोवतीचा थोडासा मुलूख आपल्याकडे राहावा एवढंच मागितलं. आजीला हे कळलं तेव्हा नातवाची किंमत तिच्या लेखी संपली असावी.

दोन दिवस आधी

२२ नोव्हेंबर, आळंदी. गुजरातच्या वसुलीत पेशव्यांनी मागितलेल्या वाट्यावरून गांजलेल्या, सेनापती घराण्यातल्या उमाबाई दाभाडे स्वतः नानासाहेब पेशव्यांना भेटल्या. पेशवे बधले नाहीत. दुखावलेले दाभाडे आणि त्यांचे सरदार दमाजी गायकवाड आता ताराबाईंच्या बाजूला होते. पेशव्यांची फौज निजामाच्या मुलखाकडे निघाली होती. सातारा मोकळा होता.

चंपाषष्ठी, गडावर

खंडोबाचा सण. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं या दिवशी सुटतं. घरोघर भरीत-रोडग्याचा नैवेद्य, तळी, भंडारा. आजीने सणाला बोलावलं आणि राजे गड चढले. आपल्या शिपायांना त्यांनी दरवाजापाशीच ठेवलं.

दोघं समोरासमोर

ताराबाईंनी त्यांना पेशव्याला दूर करून सत्ता हातात घ्यायला सांगितलं. राजे तयार होईनात. मग ती भाषा सुरू झाली जी परत घेता येत नाही. तू माझा नातू नव्हेस, तू गोंधळ्याचा पोर, लहानपणीच अदलाबदल झाली. तुला आपलं म्हटल्याबद्दल मी कृष्णेकाठी प्रायश्चित्त घेईन. जिथे शपथ घेतली होती, त्याच नदीचं नाव.

त्यानंतर लगेच

राजे कैदेत. आत काय घडलं याची दरवाजावरच्या कोकणी शिपायांना गंधवार्ताही नव्हती. त्यांच्यावर गोळ्या झाडण्याचा हुकूम सुटला. गडाच्या तोफांची तोंडं खालच्या शहरात पेशव्यांच्या माणसांच्या घरांकडे वळवली गेली.

गडाखाली

पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी आधी हे म्हातारीचं वेड म्हणून हसण्यावारी नेलं. दमाजी गायकवाड पंधरा हजारांची फौज घेऊन येत आहेत हे कळल्यावर त्यांची धावपळ सुरू झाली. दमाजी निंबला जिंकले, मार्चमध्ये वेण्णेकाठी हरले, एप्रिलअखेर नानासाहेबांच्या हाती लागले. ग्रँट डफ लिहितो की राजांना दमट दगडी कोठडीत ठेवलं, खायला भरडं धान्य दिलं. किल्ल्याचा हवालदार आनंदराव जाधव त्यांना सोडवू पाहत होता. ताराबाईंनी त्याच्याच माणसांकडून त्याचा शिरच्छेद करवला.

१७५२ साली ताराबाईंनी जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली की रामराजा आपला नातू नाही. दोन शपथा, एक अन्नावर हात ठेवून, दुसरी देवासमोर. मला पहिली खरी वाटते. तोतया असता तर त्याला दूर करून ताराबाईंनी दुसरा वारस उभा केला असता, पण तसा कुणी त्यांच्याकडे नव्हताच. गादीवर बसलेला आणि बंद कोठडीतला असा एकच माणूस त्यांच्या कामाचा होता. पेशव्यांनाही ज्याच्या जन्मावर सावली पडली आहे असा छत्रपती गैरसोयीचा नव्हता. त्या माणसाचं काय होतंय हे दोन्ही बाजूंपैकी कुणी विचारलं नाही, याचा राग आजही येतो.

सत्ता साताऱ्याहून पुण्याला गेली ती परत आली नाही. मिरज-सांगलीचा आमचा पट्टा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात पटवर्धन सरदारांच्या सरंजामात आला. याच पट्ट्यातलं बुधगाव पुढे त्यांच्याच मिरज धाकट्या पातीची राजधानी झालं. ही घराणी पेशव्यांच्या मर्जीने वाढली, छत्रपतींच्या नव्हे.

ताराबाई ९ डिसेंबर १७६१ रोजी वारल्या. रामराजा त्यांच्यामागे सोळा वर्षं छत्रपती राहिले आणि ११ डिसेंबर १७७७ रोजी गेले. त्यांना मुलगा नव्हता. गादीवर वावीच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक आला.