जुन्नरचा विमान अपघात (१९६२) : स्थाननिश्चिती आणि उंचीचा प्रश्न

जुन्नर परिसराचा इतिहास प्रामुख्याने नाणेघाट, लेणी आणि शिवनेरी यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. त्यात ७ जुलै १९६२ च्या विमान अपघाताचाही समावेश होणे आवश्यक आहे. सिडनीहून रोमकडे निघालेले अलिटालिया कंपनीचे डीसी-८ जेट विमान बँकॉकहून मुंबईस येत असता, मध्यरात्रीनंतर जुन्नरजवळील डोंगरावर सुमारे ३६०० फूट उंचीवर आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले.

चौकशीतील निष्कर्षानुसार, मुंबई प्रत्यक्षाहून जवळ आल्याचा वैमानिकाचा समज झाला व त्याने वेळेपूर्वीच विमान खाली आणले. उपलब्ध दिशादर्शक साधनांद्वारे स्थानाची खातरजमा न करणे, किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन आणि भूप्रदेशाचा अपरिचय ही पूरक कारणे होत.

पूर्वेकडून मुंबईकडे येताना आधी सह्याद्री ओलांडावा लागतो. जी उंची कोकणपट्टीवर निर्धोक ठरते, तीच घाटमाथ्यावर प्राणघातक ठरू शकते. उंचीदर्शक यंत्र उंची सांगते. खाली कोणता प्रदेश आहे, हे सांगत नाही. म्हणून स्थान निश्चित झाल्याखेरीज उंचीच्या आकड्यावर विसंबता येत नाही, हाच या दुर्घटनेचा मुख्य बोध होय.