लिंडेनमागचा कचरा : ‘विघटन झालं’ म्हणजे नेमकं काय?

गॅमेक्सिन पावडर आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. मुंग्यांची रांग दिसली की घरात भुरभुरली जायची. शेतकरी अशाच पावडरीला बीएचसी म्हणत. आज आपण या पावडरीच्या कारखान्यात मागे काय उरलं, त्याचा इतिहास बघणार आहोत.

बेंझीन आणि क्लोरीन यांचा सूर्यप्रकाशात संयोग घडवून मायकेल फॅरेडे यांनी १८२५ मध्ये हे रसायन तयार केलं. कीटकनाशक म्हणून त्याची ताकद कळायला मात्र १९४० चं दशक उजाडलं. तेव्हा एक गंमत लक्षात आली. कारखान्यातून निघतं ते एकच रसायन नसतं, ते अनेक समघटकांचं मिश्रण असतं. म्हणजे अणू तेच, तेवढेच, फक्त मांडणी वेगळी. त्यात अल्फा ६० ते ७० टक्के, आणि किडे मारणारा गॅमा जेमतेम १० ते १५ टक्के. व्हॅन डर लिंडेन या डच रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून शुद्ध गॅमाला ‘लिंडेन’ म्हणू लागले.

आता हिशेब बघा. एक टन लिंडेन वेगळं काढलं की साधारण आठ ते बारा टन निरुपयोगी समघटक उरतात. ते गेले कुठे? बरेचसे कारखान्याजवळच्या उघड्या जागेत आणि खड्ड्यांत.

तिथे ते कुजून जातील का? इथेच मूल्यमापनाचा प्रश्न येतो. गॅमावर मातीतले काही जिवाणू तुलनेने लवकर काम करतात. बीटाचं तसं नाही. त्याचे सहाही क्लोरीन अणू कड्याच्या बाजूला पसरलेले असतात. हायड्रोजन आणि क्लोरीनची जी विशिष्ट जोडी जिवाणूचं विकर तोडतं, ती जोडी बीटामध्ये सापडतच नाही. म्हणून गॅमाच्या चाचणीवरून सगळ्या ढिगाऱ्याचं भविष्य सांगता येत नाही.

दुसरी अडचण ‘विघटन’ या शब्दातच आहे. काही जिवाणू बीटाचा एक क्लोरीन काढतात आणि तिथे हायड्रॉक्सिल गट बसवतात. बाटलीतलं बीटा कमी झालं, पण उरलं काय? पाच क्लोरीन असलेलं नवं संयुग! मूळ पदार्थ नाहीसा होणं आणि त्याचं पाणी, कार्बन डायऑक्साइड नि क्षार होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजताना आपण नेमकं कुठलं मोजलं, हे सांगायलाच हवं.

तिसरं म्हणजे, ढिगारा ही काही प्रयोगशाळेतली बाटली नव्हे. स्पेनमधल्या साबिन्यानिगो इथे लिंडेनचा कारखाना १९८० च्या दशकाच्या शेवटी थांबला. पण तिथे पाण्याहून जड असा क्लोरीनयुक्त द्रव खडकांच्या भेगांत उतरून बसला आहे, आणि गायेगो नदीची काळजी आजही वाहावी लागते. आपल्याकडे लखनौजवळच्या उम्मरी गावी असाच ढिगारा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास केला. हे रसायन पचवणारे जिवाणू तिथे आहेत, नाही असं नाही. पण साठाच इतका मोठा, की त्यांच्या भरवशावर ढिगारा सोडून देता येत नाही.

कायदा कसा आला तेही बघू. भारतात मिश्र बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, लिंडेन मात्र पुढे काही वर्षं चालू राहिलं. म्हणजे कचरा निर्माण करणारी वाट उघडीच होती. २००९ मध्ये स्टॉकहोम करारात लिंडेनबरोबर अल्फा आणि बीटा यांचीही नावं घातली गेली. या करारात टिकाऊपणाची एक फूटपट्टी आहे : अर्धायुष्य पाण्यात दोन महिन्यांहून, किंवा मातीत सहा महिन्यांहून जास्त.

ही फूटपट्टी उपयोगाची आहेच. फक्त ती विकायच्या मालाला लावून थांबलो, तर आठ-बारा टन कचरा हिशेबाबाहेर राहतो. लिंडेनच्या बाबतीत तो अर्धं शतक तसाच राहिला, आणि त्याची किंमत माल विकणाऱ्यांपेक्षा नदीकाठच्या लोकांनी जास्त मोजली. म्हणून कुठल्याही नव्या रसायनाबद्दल ऐकलं की आपण आधी विचारूया : याच्या मागे काय उरतं, किती उरतं, आणि त्याची चाचणी कुणी केली?