धानातील ओलावा: केंद्रावरचे मीटर आणि गिरणीतील सेन्सर

भंडारा जिल्ह्यात खरिपाचे धान कापून, चुरून झाले की आधारभूत केंद्रावर पहिला प्रश्न ओलाव्याचा येतो. खरेदीसाठी धानात जास्तीत जास्त १७ टक्के ओलावा चालतो. साठवणुकीसाठी मात्र तो १४ टक्के किंवा त्याखाली हवा. हा आकडा नेमका कसा निघतो, हे माहीत असेल तर परत जाणारी पोती वाचतात.

केंद्रावरचे हातमीटर बहुधा दाण्यांतील विद्युत गुणधर्म मोजते. पाण्यात हा गुणधर्म कोरड्या दाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असल्याने त्यावरून ओलावा काढता येतो. मीटरवर ‘धान’ हेच पीक निवडले आहे ना, हे आपणही पाहून घ्या. गहू किंवा तांदूळ निवडला असेल तर आकडा चुकतो.

मोठ्या राईस मिलमध्ये, विशेषतः उसना तांदळाच्या ड्रायरमध्ये, वाहत्या धानाचा ओलावा सतत मोजणारे सेन्सर बसवता येतात. नमुना काढून थांबावे लागत नाही. आकडा बदलला की गरम हवा किंवा धान सोडण्याचा वेग बदलता येतो. यातील अवरक्त किरणांचे सेन्सर दाण्याचा फक्त वरचा थर पाहतात. गरम हवेने टरफल आधी सुकते, आतला गर ओलाच राहतो. म्हणून वाळवल्यावर धान काही तास मुरू देतात, मग ओलावा सारखा होतो.

हीच गोष्ट आपल्या खळ्यावर घडते. दुपारच्या उन्हातून उचललेले गरम धान लगेच मोजले तर आकडा फसवा येतो. ते रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी वरून, मधून व तळातून नमुना घेऊन मिसळा आणि तीनदा मोजून सरासरी काढा. एकाच पोत्याच्या तोंडचा नमुना म्हणजे अर्धी माहिती.

जास्त वाळवणेही तोट्याचेच. १७ टक्के ओलाव्याचे १०० किलो धान १४ टक्क्यांवर आणले तर सुमारे ९६.५ किलो उरते, १२ टक्क्यांवर सुमारे ९४.३ किलो. लगेच विकायचे असेल तर एवढे वजन उन्हात घालवण्याचे कारण नाही. शिवाय कडक उन्हात झपाट्याने वाळलेल्या दाण्याला तडे जातात. भरडाईत त्याची कणी होते. ताडपत्रीवर पातळ थर पसरा, तासा-दीड तासाने उलथा. उन्हाळी धानाच्या वेळी, मे महिन्यात, ही काळजी दुप्पट घ्यावी.