मथुरेच्या लाल दगडातले तथागत

विहारात पाऊल ठेवले की आपण मूर्तीपुढे गुडघे टेकतो, मेणबत्ती लावतो, त्रिशरण-पंचशील म्हणतो. आपल्या लेकराबाळांना ही मूर्ती जन्मापासून ओळखीची. पण तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर चार-पाचशे वर्षे त्यांची मानवी रूपातली मूर्ती दगडात घडवलेली आढळत नाही, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? सांची-भारहुतच्या शिल्पांत बुद्ध दाखवायचे तर रिकामे आसन, बोधिवृक्ष, धम्मचक्र, नाहीतर पावलांचे ठसे. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही आधी वंदनेला स्तूपच होता, बुद्धमूर्ती तिथे पुढच्या काळात कोरल्या गेल्या.

मग मूर्ती आली कुठून? फुशे नावाच्या फ्रेंच पंडिताचे म्हणणे असे की, ती गांधारात ग्रीक वळणाच्या कारागिरांनी घडवली. १९२७ साली आनंद कुमारस्वामींनी त्याला उत्तर दिले, की मथुरेच्या कारागिरांनी ती आपल्याच जुन्या परंपरेतून स्वतंत्रपणे घडवली. आम्ही काही पंडित नव्हे, आमचे वाचन रात्रपाळी संपल्यावरचे. पण मथुरेचे संग्रहालय पाहिल्यापासून आमचा कौल कुमारस्वामींना आहे.

कुशीनगर-सारनाथची यात्रा करून परतताना आम्ही काही गिरणी कामगार बायकापोरांसह मथुरेला उतरलो. तिथे माणसे जातात ती वेगळ्या दर्शनाला. 'म्युझियम' म्हटल्यावर रिक्षावाल्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली! हे संग्रहालय १८७४ साली ग्राउस या इंग्रज कलेक्टरने सुरू केले. माट गावी १९११ साली सापडलेला सम्राट कनिष्काचा पुतळा इथेच आहे. अंगात लांब डगला, पायात जाड बूट, हातात तलवार, आणि धडावर मुंडके नाही. पोरे तिथेच रेंगाळली.

आम्ही थांबलो ते कटरा टेकाडात मिळालेल्या मूर्तीपुढे. दीड हाताची, लाल दगडाची, कुषाण काळातली. बोधिवृक्षाखाली मांडी घालून बसलेले तथागत, उजवा हात अभय देणारा, डावा मांडीवर टेकलेला. डोळे मिटलेले नाहीत, चांगले उघडे आहेत आणि ओठांवर हसू आहे. तळपायांवर चक्र आणि त्रिरत्नाची खूण, आसनाखाली सिंह. पुढच्या काळातल्या मूर्ती डोळे खाली वळवून ध्यानात बसतात. ही मात्र समोरच्याकडे बघते.

आसनावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. बुद्धरक्षिताची आई अमोहाआसी हिने आपल्या आईवडिलांसह, स्वतःच्या विहारात, सर्व जीवांच्या हितसुखासाठी ही मूर्ती बसवली, असा त्याचा अर्थ. लेखात मूर्तीला 'बोधिसत्त्व' म्हटले आहे. राजाचे नाव नाही, नवऱ्याचे नाव नाही! हे आम्ही वाचून दाखवले तेव्हा आमच्यातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "म्हंजे विहार बाईचा होता?" होय, लेखात तसेच आहे. त्यांनी तिथेच हात जोडले. एका तरुणाने हरकत घेतली, की हे संग्रहालय आहे, इथे वंदना कशाला? बाई म्हणाल्या, "तिनं बसवली ती बघायला नाय, वंदनेलाच बसवली ना?" त्यावर कोणी बोलले नाही.

गुप्तकाळातली जमालपूर टेकाडाची उभी मूर्ती पुरुषभर उंचीहून मोठी आहे. चीवर इतके पातळ कोरले आहे, की चुण्यांखाली अंग दिसते. जन्मभर साच्यावर कापड विणणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या चुण्या पाहून दगडाचा विसर पडला. ही मूर्ती यशदिन्न नावाच्या भिक्षूचे दान.

दान देणाराचे नाव दगडावर राहते, घडवणाराचे क्वचितच. कार्ल्याच्या चैत्यगृहात दार घडवणाऱ्या धेनुकाकटच्या सामी सुताराचे नाव आहे, ते आपल्याकडचे मोठे उदाहरण. तसेच एक उदाहरण आम्ही चार दिवसांपूर्वी पाहून आलो होतो. कुशीनगरला महापरिनिर्वाणाची सुमारे वीस फुटांची जी निजलेली मूर्ती आहे, तिच्या आसनावर हरिबल या दात्याचे नाव आहे आणि त्याच लेखात कारागिराचेही. त्याचे नाव दिन्न, राहणार मथुरा.