श्वानांतील पट्टकृमी, ऊतक-हानी व प्रतिकारशक्ती : एक ऐतिहासिक आढावा (मालवण किनारपट्टीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यातील मालवणच्या किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याभोवती व मच्छीबाजारात वावरणारा कुत्रा हा मानवी वस्तीचा जुना सोबती होय. त्याच्या आतड्यातील पट्टकृमीचे शास्त्रीय ज्ञान मात्र अत्यंत संथगतीने विकसित झाले. या विलंबाचे एक कारण कृमी व श्वान यांच्यातील जैविक संबंधातच दडलेले आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मेंढ्यांच्या यकृतात आढळणाऱ्या पाणीदार गाठी प्राणिजन्य असाव्यात, असा तर्क सतराव्या शतकातच मांडला गेला होता. तथापि त्या गाठी व श्वानाच्या आतड्यातील कृमी हे एकाच जीवाचे दोन टप्पे आहेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फॉन सीबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने अशा गाठी श्वानांना खाऊ घालून सिद्ध केले. १८६३ मध्ये नाउनिन यांनी मानवी शरीरातील गाठींबाबतही हेच दाखविले. त्याच वर्षी डॅनिश शास्त्रज्ञ क्राबे यांनी आइसलँडमध्ये १०० श्वानांचे विच्छेदन केले; त्यांपैकी २८ श्वानांत इकायनोकॉकस हा पट्टकृमी आढळला. पुढे लोकशिक्षण, कायदा व कत्तलीवरील नियंत्रण यांच्या बळावर त्या देशाने या रोगाचे उच्चाटन केले.

आपल्याकडे १८८६ मध्ये परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि पशुरोगांच्या शास्त्रीय अध्ययनास संस्थात्मक आधार लाभला.

ऊतक-हानी व प्रतिकार :
इकायनोकॉकस केवळ काही मिलिमीटर लांबीचा असतो. तो चूषके व आकड्यांच्या साहाय्याने लहान आतड्याच्या अंतस्त्वचेत रुततो. त्याच्या संपर्कातील पेशी चपट्या होतात, काही गळून पडतात व श्लेष्मस्राव वाढतो. परंतु ही इजा स्थानिक व मर्यादित राहते. त्यामुळे हजारो कृमी बाळगणारा श्वानही बहुधा निरोगी दिसतो. श्वानाच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात, आतड्यात इओसिनोफिल व मास्ट पेशींचा प्रतिसादही आढळतो. मात्र प्रतिपिंडांच्या प्रमाणावरून कृमींची संख्या ठरविता येत नाही. तसेच हा प्रतिसाद पुनर्संसर्ग खात्रीने रोखू शकत नाही. याउलट शेळी, मेंढी वा मनुष्य यांच्या यकृतात व फुप्फुसात वाढणारी गाठ आसपासच्या ऊतकांवर दाब आणते. ती फुटल्यास तीव्र, क्वचित प्राणघातक, अधिहर्षता उद्‌भवते. एकाच कृमीचा उपद्रव वाहकात सौम्य व अन्यत्र गंभीर, असे हे विषम चित्र आहे.

मालवण किनारपट्टीचा संदर्भ :
किनाऱ्यावरील श्वान मासळीचे अवशेष खातात, म्हणून संसर्गाचे मूळ मासळीत असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु श्वानांत सर्रास आढळणारा डायपायलिडियम हा पट्टकृमी पिसू व उवा यांच्यामार्फत पसरतो. श्वान अंग चाटताना बाधित पिसू गिळतो. इकायनोकॉकसचे चक्र तर शेळ्या, म्हशी इत्यादींच्या कापलेल्या आतड्या-यकृतांवर अवलंबून असते. म्हणजेच जोखीम रापणीच्या जाळ्यापेक्षा मटणाच्या दुकानामागील उकिरड्यात अधिक आहे.

मोकाट श्वानांचा प्रश्न आपल्याकडे प्रदीर्घ काळ त्यांच्या संख्येपुरताच पाहिला गेला. १८३२ मध्ये मुंबईत श्वानहत्येवरून दंगल उसळली होती. २००१ च्या व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या श्वान प्रजनन नियंत्रण नियमांचा मुख्य भर निर्बीजीकरण व रेबीजविरोधी लसीकरणावर आहे. कृमींचा विचार त्या मानाने दुय्यम राहतो.

निष्कर्ष :
श्वानाची प्रतिकारशक्ती पुनर्संसर्गापासून भरवशाचे संरक्षण देत नसल्याने प्राझिक्वान्टेलसारखे प्रभावी औषध एकदाच देऊन भागत नाही. ते ठरावीक अंतराने द्यावे लागते. त्यासोबत कत्तलीतील टाकाऊ अवयव खोल पुरणे, पिसवांचा बंदोबस्त करणे व श्वानाला हाताळल्यावर हात धुणे ही साधी पथ्ये आवश्यक ठरतात. आइसलँडच्या इतिहासातून हाच बोध मिळतो की, रोगाचे चक्र श्वानाला दोष देऊन नव्हे, तर त्याच्या तोंडी काय पडते यावर नियंत्रण ठेवून तुटते. रोगाची खूण न दाखविणाऱ्या प्राण्याकडे वेळीच लक्ष देणे, हेच यातील खरे आव्हान होय.