पासपोर्ट, पेन आणि चाळीस अक्षरं

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. ऐकताना एखादी सनावळी निसटली असेल, तर ती इथे सापडेल.

ओपन सोर्स डेव्हलपरांचा मेळावा म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? लॅपटॉपवरचे स्टिकर, भाषणं, आणि भाषणांपेक्षा जास्त रंगणाऱ्या कॉफीच्या गप्पा. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी अशा मेळाव्याला निघणाऱ्या अनेकांच्या बॅगेत आणखी तीन वस्तू असायच्या. पासपोर्ट, पेन आणि घरून छापून आणलेली एक लांबलचक यादी. ही सगळी तयारी ज्या कार्यक्रमासाठी, त्यात कम्प्युटर मात्र उघडायचा नाही, असा दंडक. आहे की नाही गंमत? या कार्यक्रमाला म्हणतात की-सायनिंग पार्टी. पार्टी नावापुरतीच. प्रत्यक्षात ती एक रांग असते.

ही रांग का लागली, ते समजायला थोडं मागे जाऊ.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन हा प्रकल्प जाहीर केला. लिनक्सवर आधारलेली, सगळ्यांना खुली असलेली, स्वयंसेवकांनी मिळून घडवलेली प्रणाली. स्वतःचं आणि मैत्रिणीचं, म्हणजे डेब्राचं, नाव जोडून त्याने हे नाव तयार केलं. काम वाढलं, माणसं वाढली. कोणी जर्मनीत, कोणी ब्राझीलमध्ये, कोणी जपानमध्ये. पगार नाही, ऑफिस नाही, साहेब नाही. एकमेकांना पाहिलेलंही नाही.

आता अडचण बघा. यातल्या प्रत्येकाने तयार केलेलं पॅकेज जगभरच्या कम्प्युटरांवर जाऊन बसणार. मग ते खरंच त्याच माणसाने पाठवलंय, हे ओळखायचं कसं?

उत्तराची सोय आधीच झालेली होती. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्रॅम आणला. त्यात प्रत्येकाकडे दोन चाव्या. एक गुप्त, स्वतःजवळ ठेवायची. दुसरी जाहीर, जगाला द्यायची. गुप्त चावीने सही केली की जाहीर चावीने ती कोणीही तपासू शकतं. पण जाहीर चावी अमक्याचीच आहे, हे कोण सांगणार? त्यासाठी सरकारी कचेरी नको, माणसांनीच एकमेकांची खात्री द्यावी, अशी ही कल्पना. आपल्याकडे स्थळ आलं की आपण काय करतो? त्या गावात ओळखीचं कोण आहे ते शोधतो. मामांच्या ऑफिसातल्या जोशींचे व्याही तिथलेच निघतात, आणि ते म्हणतात, ‘घर चांगलं आहे.’ अगदी तसंच. याला नाव पडलं वेब ऑफ ट्रस्ट, विश्वासाचं जाळं.

डेबियनने हे जाळं प्रवेशाची अट म्हणून वापरलं. डेव्हलपर व्हायचं असेल, तर आधीच्या किमान एका डेव्हलपरने तुमच्या चावीवर सही केलेली लागायची. ती सही करण्याआधी त्याने तुम्हाला समोरासमोर भेटायचं, ही रीत. म्हणजे कोड कितीही चांगला लिहा, आधी कुणाला तरी गाठा! मोठ्या युरोपीय शहरात राहणाऱ्याला हे सोपं. ज्याच्या आसपास एकही डेव्हलपर नाही, त्याने काय करायचं? कोणत्या शहरात कोण सही द्यायला तयार आहे, याची यादीच प्रकल्पाने ठेवली. आणि मेळाव्यांचं मोल वाढलं ते इथेच. २००० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला डेबियनची पहिली परिषद, डेबकॉन्फ, भरली. ब्रसेल्सच्या विद्यापीठात भरणारा फॉसडेम हा मोठा, मोफत मेळावा. अशा ठिकाणी एका दुपारी शंभर जण भेटू शकायचे.

शंभर जणांनी एकमेकांना भेटायचं, तर जोड्या होतात ४,९५०. म्हणून तयारी घरूनच करायची. मुदतीच्या आत आपली चावी आयोजकांकडे पाठवायची. ते सगळ्यांची एक यादी बनवणार. ती उतरवून घ्यायची, छापायची आणि आपल्या नावापुढचा फिंगरप्रिंट नीट ताडून बघायचा. फिंगरप्रिंट म्हणजे चावीची ओळख सांगणारी चाळीस अक्षरं. एक जरी चुकलं, तरी ती चावी तुमची नव्हे.

मेळाव्यात आधी त्या अख्ख्या यादीचा चेकसम मोठ्याने वाचला जायचा. सगळ्यांच्या हातात एकच यादी आहे ना, याची ती खूण. मग दोन रांगा समोरासमोर. समोरच्याचा पासपोर्ट बघायचा, चेहरा बघायचा, यादीत खूण करायची, एक पाऊल सरकायचं. सही तिथे करायचीच नाही. गुप्त चावी गर्दीत बाहेर काढणं धोक्याचं, म्हणून ते काम घरी जाऊन, शांतपणे.

पण पासपोर्ट बघून नेमकं काय कळतं? २००६ मध्ये मेक्सिकोतल्या डेबकॉन्फमध्ये एका डेव्हलपरने हीच परीक्षा घेतली. त्याने ‘ट्रान्सनॅशनल रिपब्लिक’चं ओळखपत्र पुढे केलं. असा देश नकाशावर नाहीच! तरी बऱ्याच जणांनी ते चालवून घेतलं. नंतर जोरदार वाद झाला. कोणी म्हणालं, हा विश्वासघात. कोणी म्हणालं, बरं झालं, डोळे उघडले. त्यांनी न पाहिलेल्या देशाचा खराखुरा पासपोर्ट समोर आला असता, तरी तो खरा की खोटा, हे त्यांना कुठे ओळखता येणार होतं?

तरीही अट टिकली. जुन्या १०२४ बिटांच्या चाव्या कमकुवत ठरल्यावर २०१५ च्या सुरुवातीला डेबियनने त्या काढून टाकल्या. नव्या चावीसाठी दोन डेव्हलपरांच्या सह्या हव्या होत्या. ज्यांना वेळेत कोणी भेटलं नाही, त्यांचा पॅकेज पाठवण्याचा हक्क तेवढ्या काळापुरता थांबला. २०१९ मध्ये काहींच्या चाव्यांवर हजारो खोट्या सह्यांचा मारा झाला आणि सार्वजनिक की-सर्व्हरवरचा भरवसा उडाला. पुढची दोन वर्षं कोविडमुळे डेबकॉन्फ ऑनलाइन झाली. रांगा ओसरल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबकॉन्फ पहिल्यांदा भारतात, कोचीला आली.

आणि २९ मार्च २०२४ ला एक्सझेडचं प्रकरण बाहेर आलं. जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेलं हे छोटं सॉफ्टवेअर मुख्यतः एकच माणूस, थकूनभागून, सांभाळत होता. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोनेक वर्षं नेटाने मदत केली, विश्वास मिळवला, हक्क मिळवले आणि मग चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचं खटकलं, म्हणून तो सापडला.

पासपोर्ट तपासला असता तर हे टळलं असतं का? खात्री नाही. मेक्सिकोने ते आधीच दाखवलं होतं. पासपोर्ट नाव सांगतो, नियत सांगत नाही. पण त्या रांगेत आणखी एक गोष्ट घडायची. वर्षानुवर्षं फक्त ईमेलमध्ये दिसणारं नाव समोर उभं राहायचं, थकलेलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसायचं, आणि रांग संपल्यावर दोघं एकत्र जेवायला जायचे. एकट्याने कुढत काम करणाऱ्याला तिथे सोबती भेटायचा. माझ्या मते या मेळाव्यांची खरी कमाई ती होती. चाळीस अक्षरं हे भेटीचं निमित्त.

तेव्हा पुढच्या मेळाव्याला निघताना स्लाइड तयार कराच. पण आपण रोज वापरतो ते कोण एकट्याने सांभाळतंय, ते नाव कागदावर लिहून न्या. तो माणूस आला असेल, तर त्याला गाठा आणि विचारा, ‘कसं चाललंय?’

आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात!