फॉन्टचा कारभार आणि अपडेटची धास्ती

पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणून पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल नव्या संगणकावर उघडावी आणि पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, आकडे व चित्रविचित्र खुणांची रांग उमटावी, हा अनुभव महाराष्ट्रातील डीटीपी व्यवसायात नवा नाही. फाइल बिघडलेली नसते, संगणकही ठणठणीत असतो. हरवलेला असतो तो फॉन्ट.

इंग्रजी मजकुराचा फॉन्ट हरवला, तर दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो. पानाचे रूप बिघडते, ओळी खालीवर होतात. पण शब्द वाचता येतात. युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्ट हरवला तर शब्दच जातात. कारण त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते. कुठे अर्धा 'स', कुठे रफार, कुठे नुसता काना. फाइलमध्ये साठवलेले असतात ते इंग्रजीचे संकेतांक. त्यांना मराठीचा अर्थ देण्याचे काम फॉन्टच करतो. म्हणून फॉन्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधील प्रत्येक सुधारणा, ज्याला आपण सरसकट 'अपडेट' म्हणतो, ती मराठी मुद्रणव्यवसायासाठी निव्वळ सोयीची बाब उरत नाही.

फॉन्ट व्यवस्थापक, म्हणजे फॉन्ट मॅनेजर, ही आज्ञावली मुळात जन्मली ती अमेरिकेत, मॅकिंटॉश संगणकावर. १९८४ साली अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली. १९८५ साली ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आणि आल्डसचे पेजमेकर आले आणि टेबलावर बसून छपाईयोग्य पान लावणे शक्य झाले. त्याबरोबर फॉन्टांची खरेदीही वाढली. परंतु त्या काळच्या मॅकमध्ये फॉन्ट बसवायचा म्हणजे तो थेट 'सिस्टिम' या फाइलच्या पोटात ढकलावा लागे. ती फुगत जाई आणि यंत्र मंदावे. यावर तोडगा म्हणून 'सूटकेस' ही छोटी आज्ञावली आली. फॉन्ट तबकडीवर कुठेही ठेवावेत, हवे तेव्हा 'चालू' करावेत, काम झाले की 'बंद' करावेत, एवढीच तिची कल्पना. पुढे या सॉफ्टवेअरची मालकी अनेकदा बदलली आणि ते एक्स्टेन्सिस कंपनीकडे आले. चालू-बंद करण्याची ती मूळ कल्पना मात्र आजही या सर्व आज्ञावल्यांचा कणा आहे.

खिळे जुळवण्याच्या काळात कंपॉझिटर आपली केस नीट ठेवत असे. प्रत्येक खिळ्याला ठरलेला खण असे आणि काम संपले की वापरलेला टाइप खणात परत जाई. फॉन्ट मॅनेजर हेच करतो. हजार-दोन हजार फॉन्ट एकाच वेळी चालू ठेवले की संगणक रेंगाळतो, यादी लांबते आणि एकाच नावाचे दोन फॉन्ट आपसांत भांडू लागतात. हे भांडण वरकरणी किरकोळ वाटते, पण त्याचे परिणाम महाग पडतात. मॅक ओएस एक्स सोबत ॲपलचा स्वतःचा हेल्व्हेटिका येई आणि संकल्पकाने विकत घेतलेला हेल्व्हेटिकाही त्याच नावाचा असे. दोहोंतील अक्षरांच्या रुंदीत बारीक फरक. त्यामुळे कार्यालयात मंजूर झालेल्या पानातील ओळ छापखान्यात पोहोचेपर्यंत खाली सरकलेली असे. त्यावर एक्स्टेन्सिसने फॉन्टच्या नावावर न विसंबता फाइलचीच जणू बोटांचे ठसे घेऊन ओळख पटवण्याची सोय 'फॉन्टसेन्स' या नावाने दिली. अपडेटमुळे खरोखर फायदा झाल्याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

पुढे ऑपरेटिंग सिस्टिमनीच हे काम अंगावर घेतले. २००३ मधील मॅक ओएस एक्स १०.३, म्हणजे 'पँथर'मध्ये ॲपलने 'फॉन्ट बुक' फुकट दिले. २०२२ च्या 'व्हेंचुरा'मध्ये त्याची पुरती नवी मांडणी केली. विंडोजचे पाऊल संथ होते. नियंत्रण कक्षातील 'फॉन्ट्स' ही चौकट कित्येक वर्षे जवळपास जशीच्या तशी राहिली. २०१८ मध्ये विंडोज १० च्या सुधारणांतून फॉन्टसाठी सेटिंग्जमध्ये स्वतंत्र पान आले आणि त्याच वर्षाअखेरच्या सुधारणेत प्रशासकीय अधिकार नसलेल्या वापरकर्त्यालाही आपल्यापुरता फॉन्ट बसवता येऊ लागला. मोठ्या कार्यालयांत प्रत्येक फॉन्टसाठी 'सिस्टिमवाल्याला' हाक मारावी लागे, ती कटकट कमी झाली. अर्थात, तोच फॉन्ट आता एका खात्यात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, हे नवे कोडेही उभे राहिले.

मग अपडेट टाळलेलेच बरे, असे कोणी म्हणेल. डीटीपीच्या दुकानांत इंटरनेटची तार काढून ठेवलेली जुनी यंत्रे दिसतात, ती याच विचाराने. हा विचार समजण्याजोगा आहे, पण पूर्णतः बरोबर नाही. फॉन्ट म्हणजे केवळ चित्र नव्हे. त्यात संगणकाने पाळायच्या सूचना असतात आणि बनावट फॉन्टमार्फत यंत्रात शिरकाव करता येतो. २०११ मध्ये उघडकीस आलेल्या 'डुकू' या घातक आज्ञावलीने विंडोजच्या ट्रूटाइप फॉन्ट वाचणाऱ्या भागातील दोषाचाच उपयोग केला होता; मायक्रोसॉफ्टने त्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्ती दिली. मार्च २०२० मध्ये अडोबी टाइप मॅनेजर या जुन्या घटकातील दोषांबाबत मायक्रोसॉफ्टने पुन्हा इशारा दिला आणि एप्रिलमध्ये दुरुस्ती आली. १९९० च्या सुमारास पडद्यावरची अक्षरे गुळगुळीत दिसावीत म्हणून आलेल्या तंत्राचा वारसा तीस वर्षांनी सुरक्षेच्या यादीत झळकावा, यावरून या क्षेत्रात जुने किती दिवस टिकून राहते हे कळते.

जुने एकदम संपते तेव्हा काय होते, हे जानेवारी २०२३ मध्ये दिसले. अडोबीने स्वतःच १९८० च्या दशकात आणलेल्या 'टाइप १' या फॉन्टप्रकाराचा आधार आपल्या सॉफ्टवेअरमधून काढून घेतला. दोन वर्षे आधी, जानेवारी २०२१ मध्ये, तशी पूर्वसूचना दिली होती. फोटोशॉपमधून तर हा आधार त्याआधीच गेला. अपडेट केलेल्या इनडिझाइनमध्ये जुनी फाइल उघडली की हे फॉन्ट यादीत दिसत नाहीत आणि 'फॉन्ट सापडत नाही' असा संदेश येतो. फॉन्ट मॅनेजर तो फॉन्ट चालू असल्याचे दाखवतो, इनडिझाइन तो नसल्याचे सांगते. दोघेही आपापल्या जागी खरे. पीडीएफमध्ये आधीच अंतर्भूत झालेले टाइप १ फॉन्ट मात्र पूर्वीप्रमाणेच दिसतात व छापले जातात, फक्त त्या मजकुरात दुरुस्ती करता येत नाही. नव्वदच्या दशकात मराठीसाठी विकल्या जाणाऱ्या पॅकेजांबरोबरही ट्रूटाइपच्या जोडीने टाइप १ फॉन्ट मिळत. ज्यांनी उत्तम छपाईसाठी म्हणून तेव्हा टाइप १ निवडले, त्यांच्याच फाइली आता अडल्या. ज्यांनी ट्रूटाइपवर भागवले ते तूर्तास निभावले.

मराठी वापरकर्त्यांना बसलेला याहून व्यापक धक्का मात्र कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही. विंडोज २००० पासून युनिकोड मराठी म्हटले की 'मंगल' हे समीकरण झाले होते. सरकारी पत्रे, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांचे अहवाल सगळे मंगलमध्ये. २०१५ च्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने देवनागरीचा भार 'निर्मला यूआय' या फॉन्टवर सोपवला आणि मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट ऐच्छिक गटात टाकले. भाषांच्या यादीत मराठी वा हिंदी जोडलेली असेल तर ते आपोआप येतात. नसेल तर येत नाहीत. त्यामुळे नव्या यंत्रावर जुने पत्र उघडते, वाचताही येते, कारण ते युनिकोडमध्ये आहे. पण अक्षरांची उंची-रुंदी बदलल्याने चार पानांचे पाच पान होते आणि तक्त्यातील रकाने फुटतात. उपाय दोन मिनिटांचा आहे. सेटिंग्जमधील 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडावेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबल्यामुळे ज्या कार्यालयांत यंत्रे बदलली जात आहेत, तेथे हे आधी पाहिलेले बरे.

व्यावसायिकांपुढचा प्रश्न निराळा आहे. त्यांचे फॉन्ट मॅनेजर इनडिझाइन, इलस्ट्रेटर यांना छोट्या जोडआज्ञावलीने, म्हणजे प्लग-इनने, बांधलेले असतात. फाइल उघडताच लागणारे फॉन्ट आपोआप चालू होतात ते याच प्लग-इनमुळे. इनडिझाइनची नवी आवृत्ती आधी आली आणि प्लग-इन मागाहून, तर मधल्या काळात हे आपोआप होणे बंद पडते. एका छापखान्यात प्रस्तुत प्रतिनिधीने हे प्रत्यक्ष पाहिले. रात्रीतून आपोआप अपडेट झाले आणि सकाळी दिवाळी अंकाची सोळा पाने गुलाबी पट्ट्यांनी भरून गेली. (इनडिझाइन हरवलेला फॉन्ट गुलाबी रंगाने दाखवते, हे त्या दिवशी तेथील शिपायालाही कळले.) फॉन्ट तेथेच होते, फक्त हाताने एकेक चालू करावे लागले. अपडेट कोणत्या क्रमाने करायचे, हे ठरवलेले नव्हते एवढेच.

त्यातच मालकीऐवजी वर्गणीची पद्धत आली. टाइपकिट अडोबीने २०११ मध्ये विकत घेतले आणि २०१८ मध्ये त्याचे नाव 'अडोबी फॉन्ट्स' झाले. त्यातील फॉन्ट आपल्या यंत्रावर दिसतात, पण फाइल म्हणून हाती लागत नाहीत. काम 'पॅकेज' करून छापखान्याला पाठवताना ते सोबत जात नाहीत. वर्गणी थांबली की फॉन्टही थांबतात. सूटकेसच्या वारसाचा प्रवासही 'सूटकेस फ्यूजन' या विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरपासून वर्गणीवरील 'कनेक्ट फॉन्ट्स'पर्यंत झाला. मोठ्या जाहिरात संस्थांना हे परवडते व सोयीचेही पडते, कारण कोणता फॉन्ट किती यंत्रांवर वापरण्याचा परवाना आहे याचा हिशेब तेथे चोख ठेवावा लागतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानदाराला त्याची गरज नाही. त्याला विंडोज, मॅक व लिनक्सवर चालणारे 'फॉन्टबेस' किंवा विंडोजवरील 'नेक्ससफॉन्ट' पुरेसे ठरते.

अपडेट करण्यापूर्वी काय करावे? सर्वांत आधी मूळ फॉन्टफाइलींची प्रत वेगळ्या तबकडीवर घ्यावी. केवळ फॉन्ट मॅनेजरच्या संग्रहावर विसंबू नये. टाइप १ फॉन्टच्या विंडोजवर '.पीएफबी' व '.पीएफएम' अशा दोन फाइली असतात. अक्षरांचे आकार पहिलीत, रुंदीची मापे दुसरीत. घाईत एकच उचलली तर काम अर्धवट राहते. मोकळ्या स्रोताच्या 'फॉन्टफोर्ज'ने टाइप १ चे ओपनटाइप करता येते. पण परवाना तशी मुभा देतो का हे पाहावे आणि रूपांतरानंतर अक्षरे आपापल्या संकेतांकांवरच आहेत ना, हेही तपासावे. ती जागची हलली तर जुन्या फाइलीतील 'क' चा 'ज्ञ' व्हायला वेळ लागत नाही. त्यानंतर फॉन्ट मॅनेजर, मग प्लग-इन, आणि पानमांडणीचे सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी. हाती घेतलेला अंक छापायला जाईपर्यंत तर काहीच हलवू नये.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच टिकाऊ मार्ग, हे आता सर्वमान्य आहे. पण तो वाटतो तितका सरळ नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचेही तसेच, फक्त उलट. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतील 'र' वेगळे. प्रत्येक कंपनीची संकेतांकांची कोष्टके निराळी, कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या बहुतांश मजकूर बरोबर आणतात, आणि उरलेल्या थोड्या भागासाठी मुद्रितशोधकाला अख्खे पुस्तक वाचावे लागते. शिवाय 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले तेच २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी बनलेल्या फॉन्टात ते सापडत नाही आणि 'ॲड.' लिहिलेल्या वकिलांच्या नावाआधी रिकामी चौकट दिसते. इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची जुळणी आली २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीत. तीही 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडला तरच जोडाक्षरे नीट जुळतात.

हे रूपांतर होईपर्यंत जुन्या फाइलीचा एकमेव दुभाष्या तो जुना फॉन्टच आहे. पीडीएफ काढून ठेवली म्हणून काम भागत नाही. त्यात मजकूर दिसतो खरा, पण शोध घेतला किंवा परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की पुन्हा तीच इंग्रजी अक्षरांची खिचडी हाती येते. अनेक लहान प्रकाशकांकडे आज पुस्तकांच्या फाइली आहेत, पण त्या ज्या फॉन्टात लावल्या त्याची फाइल अक्षरजुळणी करणाऱ्याच्या यंत्रावर राहिली आणि ते यंत्र केव्हाच भंगारात गेले. तेव्हा काम हाती घेताना 'फाइल द्या' एवढेच न म्हणता 'फॉन्टसकट द्या, आणि फॉन्टचे नाव व आवृत्ती लिहून द्या' असे म्हणण्याची सवय लावून घेतलेली बरी.